नेटवर हजार फोटो असताना वेड्या राघूचा आणखी एक का काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बेळगावजवळच्या खानापूरला नोकरी करतो. ओळखीतले दोघे-तिघे दर रविवारी पहाटे लांबलचक लेन्स घेऊन बाहेर पडतात आणि दुपारी उन्हात रापून परत येतात. एकेका पक्ष्याचे हजारो सुंदर फोटो नेटवर पडलेले असताना आणखी एक काढून काय मिळतं? आणि समजा सुरू करायचंच ठरवलं, तर पैसे कशात घालायचे, जायचं कुठे?"

पहिल्या भागाचं उत्तर वेड्या राघूवरून देतो, कारण हा छोटा हिरवा पक्षी तुमच्या घरापासून किलोमीटरभराच्या आत नक्की सापडेल. विजेच्या तारेवर, बांधावरच्या बाभळीच्या वाळक्या टोकावर, कुंपणाच्या खांबावर तो बसलेला असतो. दहा मिनिटं नुसतं बघा. मान सारखी इकडून तिकडे फिरत असते. मग ती एकदम एका दिशेला थांबते. फुललेली पिसं अंगाला चिकटतात, अंग बारीक दिसायला लागतं, पक्षी किंचित पुढे झुकतो आणि सुटतो. हवेत चोचीचा बारीक 'टक्' ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो त्याच फांदीवर परत येतो. चोचीत आडवी मधमाशी असते. ती तो फांदीवर डावी-उजवीकडे आपटतो, मग तिचं मागचं टोक फांदीवर घासतो, म्हणजे विष निघून जावं. शेवटी ती हवेत जराशी उडवून गिळतो.

नवीन माणूस पक्षी उडाल्यावर बटण दाबतो आणि त्याला रिकामी फांदी मिळते. डोळ्यांनी बघून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यात पक्षी चौकटीबाहेर गेलेला असतो. म्हणून बटण दाबायचं ते पिसं चिकटली, अंग पुढे झुकलं त्या क्षणाला. हे दोन-तीन रविवारांत जमायला लागतं आणि मग या छंदाची गोडी कशात आहे ते आपोआप कळतं. समोरचा जीव पुढच्या दोन सेकंदांत काय करणार हे आपल्याला आधी कळलं आणि ते खरंच झालं, याचा तो आनंद आहे. नेटवरच्या फोटोतून तो मिळणं शक्य नाही, कारण तो फोटो घेणाऱ्याने त्याआधी पक्ष्याच्या कोणत्या खुणा वाचल्या होत्या ते त्यात दिसत नाही.

खंड्या, घार, शिक्रा उडण्याआधी बऱ्याचदा शिटतात, तीही खूणच. टिटवी मान दोन-तीनदा वर-खाली करायला लागली, की तिला तुमची धास्ती वाटतेय. आणखी एक पाऊल टाकलंत तर ती ओरडत उठेल आणि सगळं शिवार सावध करेल. पक्षी उतरताना आणि उडताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा निवडली, की उतरणारा पक्षी आपल्याकडे तोंड करून, उजेडात येतो. हे एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं, आणि याला पैसा लागत नाही.

पैशांचं बोलायचं तर आधी एक हिशेब समजून घ्या. शेपटीच्या दोन काड्या सोडल्या तर वेडा राघू १६ ते १८ सेंटीमीटरचा. ४०० मिलिमीटर लेन्सने तो १० मीटरवरून टिपला, तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, त्याची लांबी सुमारे ७ मिलिमीटर येते. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर, म्हणजे पक्षी चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे १,८०० पिक्सेल झाले. २० मीटरवरून तेच ९०० होतात आणि ३० मीटरवरून ६००. आता ६०० मिलिमीटरची दुप्पट वजनाची लेन्स आणली आणि २० मीटरवरच राहिलात, तर सेन्सरवर ५ मिलिमीटरच्या आसपास पक्षी मिळेल. थोडक्यात, १० मीटर जवळ जाता येणं हे २०० मिलिमीटर जास्तीच्या काचेपेक्षा फायद्याचं आहे. लेन्स विकत मिळते, जवळ जाणं शिकावं लागतं.

त्यामुळे सुरुवातीला वापरलेला, चांगल्या स्थितीतला एपीएस-सी कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी हलकी झूम लेन्स माझ्या मते सर्वांत योग्य. सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०-६०० मिलिमीटर लेन्स इकडे बरेच जण वापरतात. त्या उत्तम आहेत, पण एकेकीचं वजन दोन किलोच्या घरात जातं आणि हातात धरून अर्ध्या तासात खांदा भरून येतो. लेन्स न बदलता येणारे, लांब झूमवाले अखंड कॅमेरेही मिळतात. निकॉन पी९५० मध्ये २,००० मिलिमीटरच्या तोडीची झूम एक किलोभर वजनात मिळते. पक्षी ओळखायला, नोंद ठेवायला तो छान आहे. मात्र त्याचा सेन्सर अगदी लहान असल्याने घाटातल्या जांबोटीच्या झाडीतल्या अंधुक उजेडात चित्र दाणेदार होतं आणि उडता पक्षी पकडणं फार अवघड जातं. वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि कॅमेऱ्याआधी ८×४२ ची दुर्बीण घ्या. डोळ्यांना सवय लागली की कॅमेरा कुठे रोखायचा ते कळतं.

सेटिंगबद्दल. मोड मॅन्युअल ठेवा, छिद्र (अ‍ॅपर्चर) लेन्सचं सर्वांत मोठं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६,४००. शटर बसलेल्या पक्ष्याला १/८०० सेकंद, उडणाऱ्या बगळ्याला किंवा घारीला १/२०००, राघू-खंड्याला १/३२००. शटरचा वेग कमी ठेवून आयएसओ वाचवण्याचा मोह टाळा: दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. फोकस सतत बदलणारा ठेवा आणि त्याचं बटण मागे, अंगठ्यावर घ्या, म्हणजे बसलेल्या पक्ष्यावर फोकस धरून अंगठा सोडता येतो आणि मध्ये गवताची काडी आली तरी फोकस पळत नाही. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप शोधण्याची सोय असते. ती उघड्यावर अचूक चालते, पण वेळूच्या बेटात, पानवेलीत, आणि काळ्याकुट्ट कोतवाल पक्ष्याच्या गडद डोळ्यावर हमखास चुकते. तिथे एकच छोटा बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवायचा. ६०० मिलिमीटर, एफ ६.३ आणि १० मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ७ सेंटीमीटर खोल असतो. छातीवर फोकस बसला तर डोळा मऊ येतो आणि मग त्या फोटोत जीव राहत नाही.

पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यांनी कॅमेरा फसतो. गडद भातावर उभा बगळा कॅमेऱ्याच्या उजेडमोजणीवर सोडलात तर पांढरा रंग जळून पिसांच्या रेषा नाहीशा होतात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा कोतवाल उलट एक ते दीड स्टॉप वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर तो कोळशाचा तुकडा दिसतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, ठेवा. कोतवालाच्या पाठीवरची निळसर झाक त्यातूनच वर आणता येते.

नवीन लोकांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे आणि तिचा दोष ते लेन्सला देतात. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत सकाळी नऊनंतर नांगरलेली जमीन, माळाचा तांबडा मुरूम आणि डांबर तापतं. वर उठणारी गरम हवा आणि थंड हवा यांच्या थरांतून येताना उजेड वाकतो. पडद्यावर मोठं करून बघितलं तर पक्ष्याच्या कडा उकळल्यासारख्या हलताना दिसतात. अशा वेळी लाखो रुपयांच्या लेन्सनेही ४० मीटरवरचा फोटो मऊच येतो, आणि सलग घेतलेल्या वीस फोटोंत एखादाच बरा निघतो. उपाय लेन्स बदलणं हा नाही. साडेआठपर्यंत काम उरका, नाहीतर सायंकाळी पाचनंतर या. भर उन्हात घ्यायचाच तर १०-१५ मीटरच्या आतला पक्षी घ्या. मोटारीतून काढत असाल तर बॉनेटवरून कधीच काढू नका, आणि एसी बंद करून काचा दहा-पंधरा मिनिटं आधीच उघड्या ठेवा. गाडीतली थंड हवा खिडकीतून बाहेरच्या गरम हवेत मिसळते आणि नेमकं लेन्ससमोरच तसंच उकळणं सुरू होतं.

मोटार हे मात्र सर्वांत चांगलं लपण आहे. माणूस उतरला की उठणारा नीलपंख गाडीला १२-१५ मीटरवर येऊ देतो. गाडी हळूहळू पुढे न्या, इंजिन बंद करा, कारण त्याची थरथर लेन्सपर्यंत पोचते, आणि जरा थांबा. खिडकीवर ठेवायला जुन्या पॅन्टचा पाय कापून, दोन्ही टोकं शिवून त्यात दीड-दोन किलो मका भरा. ही पिशवी ट्रायपॉडपेक्षा जास्त कामाची आहे. पावसाळ्यात मका ओला होऊन उगवतो, तेव्हा थर्मोकोलचे मणी भरा. पायी जात असाल तर सरळ पक्ष्याकडे चालू नका. तिरकं, थांबत थांबत, त्याच्याकडे टक लावून न बघता जा, आणि शेवटचे काही मीटर बसून. पाणवठ्याच्या कडेला पोटावर आडवं होऊन लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणली, की मागची पार्श्वभूमी दूर जाते आणि मऊ होते. उभ्याने काढलेला धोबी पक्षी आणि आडवं पडून काढलेला धोबी हे दोन वेगळे पक्षी वाटतात.

आता जायचं कुठे. माझं ठाम मत आहे की पहिलं वर्ष एकच जागा धरा, आणि ती तुमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत असावी. खानापूरकरांना मलप्रभेचा काठ आहे. बेळगावात असाल तर टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपोचा झाडोरा, किल्ल्याचा तलाव, नाहीतर शहापूर-येळ्ळूरकडचं भातशिवार. या शिवाराचं वर्ष बघण्यासारखं असतं. जुलैत चिखलणी आणि रोप लावण सुरू झाली की ट्रॅक्टरमागे गायबगळे रांगेने चालतात, अंगावर विणीच्या हंगामातली नारिंगी पिसं घेऊन. त्याच सुमाराला विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींचं विणकाम चालू असतं. नर भाताच्या, उसाच्या पानाची कड चोचीत धरून उडतो आणि लांब पट्टी सोलून नेतो. घरटं अर्ध्यावर, शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की मादी येऊन पारखते, आणि तिने पसंत केलं तरच तो पुढचं विणतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात धोबी उतरतात. सुगीच्या वेळी, नोव्हेंबरात, खळ्यावर मनोल्यांचे थवे आणि वर घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी. भात निघून मसूर-वाटाणा हिरवा झाला की दहिवरातले चंडोल. फेब्रुवारीत काटेसावर फुलते, आणि एका झाडावर सकाळी दोन तासांत मैना, कोतवाल, बुलबुल, तांबट, पर्णपक्षी सगळे हजेरी लावतात. फुललेली सावर सापडली तर दुसरीकडे कुठेही जाऊ नका. फक्त सूर्य पाठीशी ठेवून, फुलं डोळ्यांच्या रेषेत येतील असा उंचवटा शोधा.

चिकोडी, निपाणी, गोकाककडे ऊसतोड बघा. फड तुटत आला की आत दडलेले किडे आणि उंदीर बाहेर पडतात. कडेला कोतवाल, बगळे आणि तारेवर कापशी घार वाट बघत असतात. शेतात शिरण्याआधी मालकाला किंवा टोळीच्या मुकादमाला विचारा. बेळगाव-खानापूरकडे मराठीत काम भागतं. गोकाक-सौंदत्तीकडे कन्नडमध्ये 'हक्की फोटो' एवढं म्हटलं तरी पुढचा माणूस हसून वाट दाखवतो, आणि घुबड कुठल्या चिंचेवर बसतं तेही सांगतो. हक्की म्हणजे पक्षी. स्थानिक गुराख्याला जे माहीत असतं ते कुठल्याही ॲपमध्ये नसतं.

हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी घटप्रभेवरचं हिडकल, मलप्रभेवरचं नविलुतीर्थ आणि धुपदाळ बंधाऱ्याच्या आसपासचं घटप्रभा पक्षी अभयारण्य. जवळ राकसकोप आहेच. धरणाची भिंत आणि दरवाजे यांच्या बाजूला कॅमेरा काढू नका. तिथे मनाई असते. मोठ्या जलाशयांवर पक्षी दूर असतात आणि ऊन लवकर चढतं, त्यामुळे वारकरी पक्षी आणि हळदी-कुंकू बदकं यांचे ठिपके घेऊन परत यायची तयारी ठेवा. जलाशय पक्षी बघायला उत्तम, फोटोला गावतळं जास्त देतं.

घाटाकडचं जग वेगळं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला इथे मेअखेरीस ओढ्यांवर शीळकरी कस्तूर गायला लागतो, आणि पहिल्या पावसाबरोबर नवरंग. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात फोटो काढायला परवानगी लागते, ती आधी वनखात्याकडून घ्या. झाडीत उजेड इतका कमी असतो की १/२०० आणि आयएसओ ६,४०० हेच वास्तव धरून चालावं लागतं, म्हणून पक्षी स्थिर होण्याच्या क्षणाची वाट बघायची. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या गणेशगुडीच्या ओल्ड मॅगझिन हाऊस या निसर्गनिवासाला पाण्याच्या कुंड्यांवर येणारे पक्षी बसल्या जागेवरून पाच-सहा मीटरवर मिळतात. रंग-पिसारा शिकायला ती जागा फार चांगली. मात्र तिथे फांदी, उजेड, अंतर सगळं आधीच ठरलेलं असतं, म्हणून वर सांगितलेलं खुणांचं वाचन तिथे कमी शिकायला मिळतं.

पावसाळ्यात सामान सांभाळणं हे आपल्या भागात वेगळं काम आहे. जून ते सप्टेंबर लेन्स चामडी बॅगेत ठेवलीत तर दिवाळीपर्यंत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि स्वस्तातलं आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. भिजून आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात बंद करू नका, आधी पंख्याखाली तासभर ठेवा. एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स बाहेर काढली की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, बॅगेतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

एका गोष्टीवर मी अजिबात सवलत देणार नाही. घरट्यावरचे फोटो. एप्रिल-मेच्या उन्हात माळावर टिटवी अंड्यांवर बसते ती बऱ्याचदा ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. जवळच्या पाण्यात जाऊन ती पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. फोटोवाला १५ मिनिटं तिथे उभा राहिला की ती जवळ येऊ शकत नाही, आणि अंडी उघड्या मुरमावर भाजून निघतात. फोटोवाल्याला हे कधी कळतही नाही. शिवाय आपण जिथे वाकून बघतो तिथे कावळाही नंतर बघतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, की आल्या पावली मागे फिरा. सुगरणीचं अर्धवट विणकाम विहिरीच्या पलीकडच्या काठावरून टिपायला हरकत नाही. माद्या बसल्या, पिलांना चारा जायला लागला की थांबा. घरट्याचे फोटो अनेक भारतीय स्पर्धा आणि गट आता स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मोबाइलवर नवरंगाचा आवाज लावून त्याला बोलावणंही तसंच: विणीच्या दिवसांत तो हद्द राखायला धावत येतो आणि तेवढा वेळ चारा-पिलं सोडतो. घुबडाच्या बसायच्या झाडाचा पत्ता फोटोबरोबर जगजाहीर करू नका.

घरी आल्यावर त्याच दिवशी निवड करा. आठशे फोटोंतले डोळा स्पष्ट नसलेले, पंख कापलेले, समोर काडी आलेले बेधडक काढून टाका, पंधरा-वीस उरतील. त्यांना तारीख आणि गावाचं नाव द्या, आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना भारतात २०१३ पासून होते, त्यात आपल्या गावच्या तळ्याची यादी जरूर द्या. तीन-चार वर्षांनी या नोंदी उघडून बघितल्या की पहिला धोबी कुठल्या आठवड्यात उतरतो, चातक जूनच्या सुरुवातीला आला की उशिरा, हे तुम्हाला तारखेनिशी सांगता येतं. त्या वेळी तुमच्या गावापुरते तुम्हीच जाणकार असता, आणि ओळखीतले लोक दर रविवारी उन्हात का रापतात याचं हे दुसरं खरं कारण.

पहिल्या महिन्यासाठी एवढंच करा. पहिले दोन रविवार फक्त दुर्बीण आणि वही. राघू, कोतवाल, खंड्या यांच्या बसायच्या तीन फांद्या शोधा आणि प्रत्येक फांदीवर ऊन कुठून येतं, वारा कुठला असतो, पक्षी कोणत्या बाजूने परततो ते लिहून ठेवा. तिसऱ्या रविवारी कॅमेरा न्या. फांदीवर फोकस आधी बांधून ठेवा, पक्षी परतायच्या बाजूला चौकटीत दोन पक्ष्यांइतकी जागा सोडा, शटर १/३२००. बटण दाबण्याआधीचे अर्ध्या सेकंदाचे फोटोही साठवण्याची सोय काही नव्या कॅमेऱ्यांत असते. ती पहिले सहा महिने बंद ठेवा, म्हणजे खुणा वाचायची सवय लागेल. हे जानेवारीत करत असाल तर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला वर येतो. पावणेसातला जागेवर बसलेले असा, म्हणजे पक्ष्यांना तुमची सवय होईपर्यंत उजेड आलेला असेल.